काकूंच्या मांडीवरचा नकाशा

मोजणीदारांना कोणी ‘हे घ्या’ म्हटलं की ते घ्यायचं नाही, हे त्यांचं आधीच ठरलेलं असे. त्यातून सांगणारा बायकोचा भाऊ असला, तर मग विचारूच नका.

चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. फीत, तिपाईवरची दुर्बीण, कानामागे पेन्सिल आणि उन्हात रापलेली मान, हा त्यांचा थाट. निवृत्त झाले तरी मोजायची खोड काही गेली नाही. नवीन कपाट आलं की आधी फीत, पाहुण्यांच्या घरी गेले की जिना किती पायऱ्यांचा ते येताजाता मोजून सांगणार. माणूस वाईट नव्हता हो. व्यसन नाही, आरडाओरडा नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त त्यांचं कधी चुकत नसे. म्हणजे चुकत असे, पण ते त्यांचं नसे. फीत सैल पडलेली असे, खुंट हललेला असे, नाहीतर समोरच्याने नीट धरलेलं नसे.

काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, शिवणाचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची एक खोली. मशीन भिंतीला टेकवलेलं, त्यामुळे तीस वर्षं समोर ती एकच भिंत. गणवेश शिवले, पडदे शिवले, अख्ख्या गल्लीच्या विजारी आखूड केल्या. डोळे वर केले की भिंत, खाली केले की सुई. दुकान बंद केलं त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, मला आता गाडीत पुढच्या सीटवर बसून रस्ता बघायचाय. कुठलाही चालेल.”

यासाठी मात्र मोजणीदारांना मानलं पाहिजे. दोन महिन्यांत त्यांनी एक जुनी घरगाडी शोधून आणली. आत पलंग, दोन शेगड्या, चिमूटभर मोरी आणि डोक्यावर कपाटं. काकूंनी तिच्या खिडक्यांना पडदे शिवले आणि पुढच्या सीटवर बसून पाहिलं, गाडी अंगणातच उभी होती तरी. पहिली मोठी सफर काकूंच्या भावाकडे करायची ठरली. तीन दिवसांची वाट होती.

आता वाट दाखवणार कोण, हा प्रश्न आला. काकूंच्या भावाने, म्हणजे दादाने, आयुष्यभर ट्रक चालवला होता. त्याने फोनवर सांगितलं, “भाऊजी, ते छोटं जीपीएस घ्या. काचेला चिकटवायचं. मोठ्या गाड्यांसाठी वेगळं मिळतं, त्यात गाडीची उंची, रुंदी, वजन टाकता येतं. बोलून सांगतं, कुठे वळायचं ते. डोळे रस्त्यावर राहतात.”

झालं! मोजणीदारांनी फोन ठेवला आणि नाक मुरडलं. “तळहाताएवढा पडदा! पुढचा चौक तेवढा दाखवणार. मागे काय, पुढे काय, पत्ता नाही. चौतीस वर्षं नकाशे वाचलेत मी. मला काय डबीतली बाई सांगणार, डावीकडे वळा म्हणून?”

त्यांनी लॅपटॉपवर टाकायचं नकाशाचं सॉफ्टवेअर आणलं. खरं सांगायचं तर होतंही ते झकास. अख्खा प्रदेश एका नजरेत, चढउतार वेगळ्या रंगात, मुक्कामाच्या जागा, पाणी भरायच्या जागा, इंटरनेट नसलं तरी चालणार. उपग्रहावरून जागा सांगणारी एक काळी टिकली वायरने जोडायची आणि छतापाशी चिकटवायची. त्यातही गाडीची उंची टाकायची सोय होती. अडचण एकच. लॅपटॉप काचेला चिकटत नाही. तो कुणाच्या तरी मांडीवर लागतो.

“तू आहेस की,” मोजणीदार म्हणाले.

उंची त्यांनी स्वतः मोजली. गाडी सपाट जागी घेतली, चाकांत हवा बरोबर भरली, शिडी लावली, पाणसळ ठेवून पातळी बघितली. दोन मीटर चौऱ्याण्णव. सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि हात झटकले. त्यानंतर आठवड्याने उकाडा वाढला, म्हणून गॅरेजवाल्याकडून छतावर हवा खेचणारा पंखा बसवून घेतला. त्याचा चौकोनी डबा छतावर चांगला वीतभर वर आला.

“अहो, तो उंचीचा आकडा बदललात ना?” काकूंनी विचारलं. कापड कापताना दोन बोटं जास्त सोडायची त्यांची सवय, असल्या गोष्टी त्यांच्या ध्यानात राहत.

“बदलला गं,” मोजणीदार म्हणाले. बदलला नव्हता. बदलू नंतर, असं त्यांच्या मनात होतं. आणि नंतर ते विसरले.

निघाले एकदाचे. काकू पुढच्या सीटवर बसल्या खऱ्या, पण मांडीवर तो तापलेला लॅपटॉप. रस्ता बघायचा सोडून बाई पडदा बघत बसल्या. ऊन आलं की पडद्यावर काही दिसेना, मग त्यावर ओढणीचा आडोसा. वळणावळणाच्या रस्त्यावर खाली बघून बघून त्यांना मळमळायला लागलं. “डावीकडे की उजवीकडे? अगं, बोल ना पटकन!” असं मोजणीदार ओरडायचे, आणि काकूंचा जीव नुसता टांगणीला. मुक्कामाच्या तळावर शेजारच्या गाडीतल्या जोडप्याला ते हसत हसत सांगत, “आमचं नकाशाखातं हिच्याकडे आहे. खातं जरा ढिसाळ आहे, पण पगार लागत नाही.” काकूही हसत.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दादाचं घर तासाभरावर आलेलं असताना, तो पूल आला. आगगाडीचा जुना लोखंडी पूल. वरून रूळ, खालून रस्ता. पाटी चांगली ठसठशीत होती, तीन मीटर.

“अहो, थांबा. पाटी बघा,” काकू म्हणाल्या.

“बघितली. आपण दोन चौऱ्याण्णव. सहा सेंटिमीटर मोकळे.”

“पण वरचा पंखा...”

“अगं, नकाशात अडथळा दाखवतोय का? नाही ना? मग झालं तर.”

नकाशा कसा दाखवणार? त्याला पंखा माहीतच नव्हता. गाडी पुलाखाली शिरली आणि वरून असा आवाज आला की रस्त्याच्या कडेला बसलेली कुत्री पळाली. पंख्याचा डबा उखडला, त्याच्याबरोबर छताचा पत्रा हातभर फाटला, आणि गाडी तिथंच अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मागे रांग लागली. भोंगे सुरू झाले. दुकानांतून लोक बाहेर आले. कोणी फोनवर चित्रण करायला लागला. मोजणीदारांना दरदरून घाम फुटला.

वाहतूक पोलीस आला. त्याने आधी पाटीकडे बघितलं, मग छताकडे, मग मोजणीदारांकडे. “काका, वाचता येतं ना?”

लोक हसले. चाळीसेक माणसं असतील. आणि तेवढ्या वेळात मोजणीदारांच्या तोंडून शब्द गेले. “मी चालवत होतो हो. नकाशा हिच्याकडे होता. ही म्हणाली, जाईल म्हणून.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. फार नाही, श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मग पोलिसाला म्हणाल्या, “हो. मीच म्हणाले.”

पोलीस म्हणाला, “मावशी, घरी बसायचं सोडून...” आणि मान हलवली. चाकांतली हवा काढून, गाडी चार बोटं खाली बसवून, ढकलत ढकलत ती मागे घेतली. हवा परत भरून, फाटक्या छतावर ताडपत्री बांधून दोघं गाडी घेऊन दुसऱ्या वाटेने निघाले. लॅपटॉप मागच्या पलंगावर पडला होता. काकूंच्या मांडीवर काही नव्हतं, पण त्या रस्ता बघत नव्हत्या. मोजणीदार दोनदा खाकरले. बोलायचं होतं, सुरुवात सापडेना. नंतर बोलू, असं त्यांनी ठरवलं. त्यांचं सगळं नंतरच असे.

दादाच्या दारात गाडी उभी राहिली आणि दादाने कपाळाला हात लावला. “कुणी केलं हे?”

मोजणीदार तोंड उघडणार, तेवढ्यात काकूच म्हणाल्या, “माझ्यामुळे झालं रे दादा. माझं लक्ष नव्हतं.”

आता सांगा, इथे तरी बोलायचं की नाही या माणसाने? नाही बोलला. बायकोने पांघरूण घातलं आणि हा त्याखाली गुपचूप शिरला. दादा बहिणीवर खेकसला, वहिनी खो खो हसल्या. जेवताना तोच विषय. वहिनींनी शेजारणीला बोलावून सांगितलं, “या आमच्या नणंदबाई. यांनी आगगाडीचा पूल पाडला असता!” शेजारीण हसली, काकू हसल्या, मोजणीदारही हसले. हसले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.  तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, नाही म्हटलं असतं तर कोणी विचारलं असतं, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दादा शिडी लावून छतावर चढला. ट्रकवाल्याचा हात तो. फाटलेला पत्रा ठोकून सरळ केला, वरून नवा तुकडा बसवला, चेपलेला पंखा उघडून दुरुस्त केला. मोजणीदार खालून खिळे देत होते. दोन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा कपाळ पुसत म्हणाला, “भाऊजी, तो लॅपटॉप आणा बरं. उंची काय टाकली होती बघू. आकडा बरोबर असेल तर त्याने धोक्याची खूण दाखवली असणार ना?”

“आणतो,” मोजणीदार म्हणाले आणि गाडीत गेले.

लॅपटॉप उघडला. दोन मीटर चौऱ्याण्णव. डोळ्यांत बोट घातल्यासारखा आकडा समोर. हा दादाला दाखवायचा, म्हणजे सगळं सांगायचं. पंखा, थाप, पाटी, पोलीस, सगळं. बाहेर दादा कसलंसं गाणं गुणगुणत होता. घाई कोणालाच नव्हती. मोजणीदारांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग आकडा खोडला, पंख्याचे बावीस सेंटिमीटर मिळवले आणि लिहिलं, तीन मीटर सोळा. लॅपटॉप घेऊन बाहेर आले.

दादाने बघितलं. “अरे, आकडा तर बरोबर आहे! मग यंत्राने सांगितलंच असणार.” आणि त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, “ए, इकडे ये गं जरा! हे बघ. तीन सोळा टाकलेत भाऊजींनी. तीन मीटरच्या पुलापाशी पडद्यावर लाल खूण आली असणार की नाही? दिसली नाही तुला?”

काकू आल्या. पडद्याकडे वाकून त्यांनी तो आकडा वाचला. तीन दिवस, सहाशे किलोमीटर तो पडदा त्यांच्या मांडीवर होता. त्याच्या कोपऱ्यात कोणता आकडा लिहिलेला होता, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

“ऊन होतं रे पडद्यावर,” त्या म्हणाल्या. “दिसली नसेल.”

“चष्मा बदल बाई,” दादा म्हणाला.

“हो. बदलायलाच हवा.”

मोजणीदार शिडीला धरून उभे होते. जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटावं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी काकूंची पिशवी भरून दारापाशी ठेवलेली होती. “मी आज बसने पुढे जाते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गाडी घेऊन या सावकाश. मला ते नकाशाचं जमत नाही. आणि एवढ्या दूरच्या सफरी पुरे झाल्या आता. दुकानाची खोली अजून रिकामीच आहे, मशीन परत लावते.”

“शहाणपणाचं बोललीस,” दादा म्हणाला. “हिला पुढे बसवूच नका भाऊजी.”

वहिनींनी टाळी दिली. आणि काकूंनीही मान डोलावली, खरंच पटल्यासारखी. ती मान डोललेली मोजणीदारांना बघवली नाही. तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईने एकच गोष्ट मागितली होती, आणि आता ती स्वतःच्या पायांनी परत त्या भिंतीसमोर चालली होती. त्यांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

“हिची चूक नाही,” ते म्हणाले. “माझी आहे. पंखा बसवल्यावर आकडा मी बदललाच नव्हता. हिने विचारलं तर बदलला म्हणून थाप मारली. हिने पाटी दाखवली, थांबा म्हणाली, मी ऐकलं नाही. पोलिसासमोर हिच्यावर ढकललं. आणि काल तुम्ही लॅपटॉप मागवलात तेव्हा गाडीत बसून आकडा बदलला. तुमच्यासमोर चूक हिचीच दिसावी म्हणून.”

वहिनींच्या तोंडावरचं हसू गेलं ते गेलंच. दादा मोजणीदारांकडे बघत राहिला, मग बहिणीकडे. “तुला माहीत होतं?”

“मी त्यांना चहा द्यायला गेले होते,” काकू म्हणाल्या. “गाडीचं दार उघडं होतं. चष्मा पुसत होते.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही की कापला नाही. “पुलाखाली तुम्ही घाबरला होतात. लोक हसत होते, भोंगे वाजत होते. भीतीने माणूस काहीही बोलतो, ते मी धरलं नाही. पण काल तुम्हाला कोण घाबरवत होतं हो? काल तर तुम्ही चष्मा पुसून, नीट बघून केलंत.”

मोजणीदारांनी बशीतल्या सांडलेल्या चहाकडे बघितलं.

दादा उठला. आतून स्वतःचं जुनं जीपीएस घेऊन आला आणि गाडीत शिरून काचेला चिकटवून टाकलं. घ्या म्हणाला नाही, हवं का म्हणून विचारलं नाही. मोजणीदारांनी या वेळी नाक मुरडलं नाही.

“उंची किती टाकू?” दादाने विचारलं.

“तीन सोळा.”

दादाने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग खिशातली फीत काढली, शिडी लावली आणि स्वतः वर चढला. मोजणीदार खाली शिडी धरून उभे राहिले. “तीन सतरा,” दादा वरून म्हणाला आणि खाली येऊन तोच आकडा टाकला. पंखा परत बसवताना एखादा सेंटिमीटर वर आला असेल. असं एरवी मोजणीदारांनी नक्की सांगितलं असतं.

बसथांब्यावर ते पिशवी उचलून घेऊन गेले. तेवढं काकूंनी करू दिलं. बस आली, काकूंना पुढच्या बाजूची खिडकी मिळाली. मोजणीदार खाली उभे. माफ कर, असं म्हणायचं होतं. सकाळी दादासमोर सगळं घडाघडा बोलून झालं होतं, पण हे एवढं, जिला म्हणायचं तिला म्हणायचं राहिलं होतं.

“अगं,” ते म्हणाले, “माझं चुकलं.”

काकूंनी ऐकलं. रागावल्या नाहीत. बराच वेळ पोटात ठेवलेला प्रश्न विचारावा तसं खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं, “हेच तुम्ही पुलाखाली म्हणाला असतात, तर मी काय केलं असतं हो? सांगा ना. मी काही बोलले असते?”

चालकाने दार लावून घेतलं. मोजणीदार आठवू लागले. छत्तीस वर्षांचा संसार. हरवलेल्या किल्ल्या, चुकलेल्या गाड्या, बिघडवलेली कामं, विसरलेली औषधं. त्यातली बरीचशी त्यांचीच. एकदा तरी तिने चारचौघांत, किंवा घरात दार लावून, त्यांना टाकून बोलल्याचं आठवतं का, ते शोधत राहिले. बस चौकातून वळून दिसेनाशी झाली तरी त्यांना एकही वेळ आठवली नाही.